जोडीदाराबरोबर नव्या शहरात जाताना: वस्ती कुणाच्या दिवसावरून निवडायची?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. चार वर्षांची सोबत, त्यातली दोन वर्षं एका घरात. तुमच्या जोडीदारांना मोठ्या शहरात मनासारखी नोकरी मिळाली आहे आणि सहा आठवड्यांत निघायचंय. तुम्ही घरून संपादनाचं काम करता, ते कुठूनही चालेल. दोन वस्त्या बघून ठेवल्या आहेत. एक त्यांच्या ऑफिसपासून चालत पंधरा मिनिटांवर, पण घर दोनच खोल्यांचं आणि खाली गजबजलेला रस्ता. दुसरी पन्नास मिनिटांवर, झाडी आहे, शांतता आहे, तुमच्या कामासाठी वेगळी खोलीही आहे. ते म्हणतात, ‘तू ठरव, दिवसभर घरी तुलाच राहायचंय.’ आणि हे ऐकून हायसं वाटण्याऐवजी तुमच्या पोटात गोळा येतो. शेवटी जाता जाता तुम्ही विचारलंय, की तुमचं जुनं लाकडी टेबल सोबत न्यावं, की इथेच कुणाला देऊन टाकावं.

जोडप्यांचं समुपदेशन करताना मला वीसहून जास्त वर्षं झाली. त्यात शहर बदलण्याच्या आधी आलेली जोडपी थोडी, आणि बदलून वर्षभराने आलेली पुष्कळ. तुम्ही आधी विचारताय याचं मला मनापासून बरं वाटलं. म्हणून सविस्तर लिहिते.

मला विचाराल तर दोन घरांपेक्षा तो पोटातला गोळा महत्त्वाचा आहे. ‘तू ठरव’ यात प्रेम आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्यात नकळत एक गोष्ट होते. शहर बदलायचं हे त्यांच्या नोकरीनं ठरवलं, आणि त्यातून जे काही बिनसेल त्याचा जाब मात्र घर निवडणाऱ्याला द्यावा लागणार. लांबचं घर घेतलं आणि ते रोज थकून परतले, तर ‘तूच निवडलंस.’ जवळचं घेतलं आणि तुमचा जीव गुदमरला, तर ‘तूच तर हो म्हणालीस.’ तुमच्या मनाने हे आधीच ओळखलंय. म्हणून पहिली दुरुस्ती इथेच करा. ‘मी एकटीने ठरवणार नाही, आपण दोघं मिळून ठरवू. पण माझ्या दिवसाला त्यात जास्त वजन दे,’ असं त्यांना सांगा. त्यांचं ‘तू ठरव’ आणि तुमचं हे म्हणणं, या दोन्हींत बराच फरक आहे. पहिल्यात तुमच्यावर जबाबदारी येते, दुसऱ्यात तुम्हाला जागा मिळते.

जास्त वजन का, ते सांगते. जेकब मिन्सर नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७८ साली कुटुंबांच्या स्थलांतरावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं. जोडपं एकत्र हलतं तेव्हा दोघांचा मिळून फायदा बघितला जातो. त्यामुळे एकाचा फायदा मोठा असेल, तर दुसऱ्याचं नुकसान होत असूनही घर हलतं. एकटी असती तर जी व्यक्ती गेलीच नसती, पण जोडीदारामुळे गेली, तिला त्याने ‘बांधली गेलेली’ म्हटलं. दोष कुणाचाच नाही, पण हिशेबात एक बाजू उणे असते. ती उणे बाजू जिची आहे, तिला परत काहीतरी मिळायला हवं, आणि ते बोलण्यापुरतं नको. परत देण्यासाठी तुमच्या हातात सगळ्यात मोठी वस्तू आहे ती म्हणजे घर कुठे घ्यायचं हा निर्णय.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. तुमच्या पत्रात तीन गोष्टी नाहीत, आणि त्यांच्यामुळे माझं उत्तर पार बदलू शकतं. जोडीदारांना आठवड्यातून किती दिवस ऑफिसला जावं लागणार? ही नोकरी दोन वर्षांची आहे, की पुढची दहा वर्षं तिथेच काढायचा विचार आहे? आणि तुम्हाला स्वतःला जायचंय का? तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘नाही’ असेल, तर वस्तीची चर्चा बाजूला ठेवा आणि आधी त्यावर बोला. न बोललेला ‘नाही’ पुढे पडद्यांच्या रंगापासून भांडी कोण घासणार इथपर्यंत प्रत्येक वादात डोकं वर काढतो. मी तो खूप घरांत बघितलाय. तो कधीच शहराचं नाव घेऊन येत नाही.

तुम्हाला जायचंय असं धरून पुढे लिहिते.

माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी एक काम देते. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर नव्या शहरातला एक मंगळवार लिहायचा. रविवार नको, सुट्टीचा दिवस सगळीकडेच बरा जातो. मंगळवार, सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत, तासातासाने. कुठे असाल, पायी की गाडीने, कुणाशी बोलाल. एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही.

एका जोडप्याचे ते दोन कागद अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एकाचा कागद भरून वाहत होता. साडेआठला निघणं, गाडी, सहकाऱ्यांबरोबर जेवण, बैठका, परत येताना व्यायाम. दुसरीच्या कागदावर सकाळी आठ ते नऊ तीन ओळी होत्या, संध्याकाळी सातनंतर चार, आणि मधल्या दहा तासांसमोर एकच शब्द: ‘काम’. तो शब्दही तिने दोनदा खोडून परत लिहिला होता. कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर तिचा जोडीदार बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘तुझ्या कागदावर माझ्याशिवाय कुणीच नाही.’ तीन महिने ते घराच्या आकारावर भांडत होते, आणि भांडणाचा विषय खरं तर हा पांढरा कागद होता.

तुम्हीही हे करा. तुमच्या कागदावरचे मधले तास कुठल्या वस्तीत भरून निघतील, हे बघा. इथे मला तुमच्या यादीतली एक गोष्ट जरा खटकते. वेगळी खोली आणि झाडी ही दोन कारणं तुम्ही लांबच्या वस्तीच्या बाजूने दिली आहेत. दोन्ही खिडकीच्या आतून अनुभवायच्या गोष्टी आहेत. दार उघडून बाहेर पडल्यावर दहा मिनिटांच्या चालीत काय आहे? बसून काम करता येईल असं वाचनालय, बाग, पोहण्याचा तलाव, एखादा वर्ग, जिथे तेच चेहरे पुन्हा दिसतील अशी कुठलीही जागा? घरून काम करणाऱ्या माणसाला शांतता लागते, हे खरंच. पण नव्या शहरात पहिल्या महिन्यात जी शांतता हवीशी वाटते, तीच चौथ्या महिन्यात खायला उठते.

आणि प्रवासाचा हिशेब. पन्नास मिनिटं म्हणजे जाऊन येऊन शंभर. आठवड्याचे पाच दिवस गेले तर पाचशे मिनिटं, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. कामाचा एक पूर्ण दिवस, दर आठवड्याला. हा वेळ फक्त त्यांचा जात नाही. संध्याकाळी त्यांची वाट बघण्यात, उशिराच्या जेवणात, त्यांच्या थकव्यात तो तुमचाही जातो. ब्रूनो फ्राय आणि अलॉइस श्टुट्झर या स्वित्झर्लंडमधल्या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची वर्षानुवर्षं गोळा केलेली माहिती तपासली आणि २००८ साली छापली. लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले. मोठं घर किंवा जास्त पगार मिळून ती तूट भरून निघायला हवी होती, तशी ती निघत नव्हती. माझ्या खोलीत बसून मला याचं कारण असं दिसतं: जास्तीच्या खोलीची सवय तीन महिन्यांत होते आणि ती दिसेनाशी होते. गर्दीची आणि खोळंब्याची तशी सवय होत नाही, कारण खोळंबा रोज नवा असतो.

पण ते आठवड्यातून दोनच दिवस जाणार असतील, तर हाच आकडा तीन तास वीस मिनिटांवर येतो. मग लांबची वस्ती पुन्हा स्पर्धेत येते. म्हणून तो पहिला प्रश्न आधी विचारा. ‘बहुतेक दोन दिवस’ यावर घर घेऊ नका, कामाच्या ठिकाणाहून लेखी उत्तर मिळतंय का बघा.

माझं मत सांगायचंच तर, पाच दिवस जावं लागणार असेल तर मी जवळच्या वस्तीकडे झुकेन. अट एकच. त्या दोन खोल्यांपैकी एकीला बंद होणारं दार असलं पाहिजे, आणि कामाच्या वेळेत ती खोली तुमची असली पाहिजे. तसं नसेल तर या दोन्ही वस्त्या सोडा आणि पंचवीस-तीस मिनिटांवरची तिसरी शोधा. लोक दोनच पर्याय धरून भांडत बसतात, आणि तिसरा नकाशावर मधोमध पडून असतो.

घर बघायला जाल तेव्हा दोन दिवस मिळणार असं लिहिलंय. त्या दोन दिवसांत दहा घरं बघू नका, तीन बघा. पण प्रत्येक वस्तीत निदान तीनदा जा: सकाळी कामावर जायच्या वेळी, दुपारी दोन-अडीचला, आणि रात्री दहानंतर. दुपारची फेरी कुणीच मारत नाही, आणि तुमच्या दृष्टीने तीच खरी, कारण त्या वेळी तुम्ही तिथे असणार आहात. दुपारी रस्त्यावर माणसं आहेत का? कोण आहेत? की सगळी वस्ती संध्याकाळपर्यंत कुलूपबंद असते?

घरात शिरलात की दाखवणाऱ्या माणसाला पाच मिनिटं गप्प राहायची विनंती करा. खिडक्या लावून ऐका, मग उघडून ऐका. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला नळ एकदम सोडून बघा, धार बारीक होते का. जिथे बसून काम करणार तिथून फोन लावा. कपाटामागच्या भिंतीवर तळहात टेकवा, ओल डोळ्यांच्या आधी हाताला कळते. फोनमधल्या होकायंत्रावर खिडकीची दिशा बघा आणि ऊन त्या खोलीत कधी येईल त्याचा अंदाज घ्या. दिवसभर घरात असणाऱ्या माणसासाठी ऊन ही लहान गोष्ट नाही.

आणि अंधार पडल्यावर गाडीच्या थांब्यापासून घरापर्यंत दोघांनी वेगवेगळं चालून बघा. एकत्र नाही. सोबत असली की रस्ता वेगळा वाटतो, आणि एकाला जो रस्ता निर्धास्त वाटतो तो दुसऱ्याला वाटेलच असं नाही. याबाबतीत ज्याला भीती वाटली त्याचं मत अखेरचं. ‘उगाच घाबरतेस’ हा शब्द या चर्चेत आणायचाच नाही.

निवडताना गुण देऊन बेरीज करायची पद्धत मला फारशी पटत नाही. तीन नकार ठरवणं मला जास्त उपयोगी पडलंय. दोघांनी प्रत्येकी तीन गोष्टी लिहायच्या, ज्या असल्या तर ते घर नको म्हणजे नको. कारण द्यायचं नाही, दुसऱ्याने वाद घालायचा नाही. त्या सहा चाळण्यांतून जे घर उरेल, त्यावर मग निवांत बोला. आवडीनिवडींवर तडजोड करता येते. नकोशा गोष्टीवर केलेली तडजोड मात्र आतल्या आत आंबते.

घराबद्दल आणखी एक बारीक गोष्ट, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. लिओन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी १९५० साली एक अभ्यास छापला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या आवारात विवाहित विद्यार्थ्यांसाठी घरं होती. कुणाला कुठलं घर मिळेल हे जोडप्यांच्या हातात नव्हतं. तिथे मैत्री कशी जमली? लगतच्या दारातल्या शेजाऱ्यांची जवळच्या मित्रांत नावं आली ती ४१ टक्के वेळा. त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांची फक्त १० टक्के वेळा. अंतर किती, तर काही पावलांचं. जिन्याजवळ आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी जास्त होत्या, कारण सगळे तिथून जायचे. म्हणून दोन सारखी घरं समोर असतील तर ज्याच्या दारावरून लोकांची ये-जा आहे ते घ्या. एकांतातलं टोकाचं घर घेताना लोकांना वाटतं आपण शांतता घेतोय. शहरात आधीच गोतावळा असेल तर ठीक. तुमचं तिथे कुणीच नाही.

इथवरचं एकदा जुळवून घेते: ‘तू ठरव’ला नम्र नकार द्या, ऑफिसचे दिवस पक्के करा, दोन मंगळवार लिहा, तीन-तीन नकार ठरवा, आणि घरापेक्षा दुपारची वस्ती बघा. आता पोचल्यानंतरचं.

तुम्ही लिहिलंय, ‘मी तिथे कुणालाच ओळखत नसेन, याची भीती वाटते.’ या भीतीला कमजोरी समजू नका. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची एक मोजपट्टी मांडली, कुठल्या बदलाशी जुळवून घ्यायला किती ताण पडतो याची. लग्नाला ५० गुण. नुसतं घर बदलण्याला २०. पण घर एकटं बदलत नाही. राहणीमान बदलतं, त्याचे २५. स्वतःच्या सवयी बदलाव्या लागतात, २४. फावल्या वेळातल्या गोष्टी बदलतात, १९. लोकांत मिसळणं बदलतं, १८. बेरीज १०६ होते. आणि जोडीदाराशी होणाऱ्या वादांच्या प्रमाणात बदल झाला तर त्याचे वेगळे ३५, म्हणजे घर बदलण्यापेक्षाही जास्त. पट्टी जुनी आहे आणि प्रत्येकाला तशीच लागू पडत नाही. पण ‘सगळं तर छान आहे, मग मला रडू का येतं?’ असं विचारणाऱ्या माणसासमोर मी ही बेरीज कागदावर करून ठेवते, तेव्हा त्याचे खांदे जरा सैल पडतात.

तुमच्या दोघांच्या बदलात एक मोठा फरक असणार आहे. त्यांना पहिल्याच दिवशी माणसं मिळतील. नाव विचारणारी, जेवायला चल म्हणणारी. तुम्हाला ती मिळवावी लागतील. त्यामुळे संध्याकाळी सातला ते माणसांनी भरून घरी येतील आणि तुम्ही दिवसभर एक शब्द न बोलता बसलेल्या असाल. त्यांना गप्प बसायचं असेल, तुम्हाला बोलायचं असेल. माझ्याकडे आलेल्या निम्म्या तरी जोडप्यांचं पहिलं मोठं भांडण याच अर्ध्या तासात झालेलं असतं, आणि दोघांनाही ते समोरच्याच्या स्वभावाचं वाटतं. हा वेळापत्रकाचा दोष आहे. आधीच ठरवा: आल्यावर वीस मिनिटं त्यांची, कुणी काही विचारायचं नाही. त्यानंतरची वीस तुमची, फोन दुसऱ्या खोलीत. इतकं यांत्रिक करायचं का, असं तुम्हाला वाटेल. पहिले तीन महिने करायचं. नंतर ते आपोआप सैल होतं.

मैत्रीला वेळ किती लागतो, याचा एक अंदाज उपलब्ध आहे आणि तो मला फार दिलासा देणारा वाटतो. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाने २०१८ साली छापलेल्या अभ्यासात नुकतंच नव्या जागी राहायला गेलेल्या प्रौढांना त्यांच्या नव्या ओळखींबद्दल विचारलं. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागत होते, चांगली मैत्री व्हायला ९०च्या आसपास, आणि जिवाभावाची व्हायला २००हून जास्त. आता हिशेब करा. आठवड्यातून एकदा दोन तासांचा एखादा वर्ग किंवा गट असेल, तर ५० तास व्हायला पंचवीस आठवडे लागतील. जवळजवळ सहा महिने. आणि लोक दीड महिन्यात म्हणतात, ‘इथली माणसं तुटक आहेत.’ माणसं तुटक नसतात, तास भरलेले नसतात.

म्हणून एक गोष्ट निवडा जी दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच जागी, त्याच माणसांबरोबर होते. गाणं, पोहणं, भाषा शिकणं, शाळेतल्या मुलांना वाचून दाखवणं, काहीही. दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी दहादा जा. तिसऱ्या वेळी सगळ्यात जास्त कंटाळा येतो, कारण नवलाई संपलेली असते आणि ओळख झालेली नसते. त्या तिसऱ्या वेळी जाच. आणि ही जागा तुमची एकटीची असू द्या. जोडीदारांच्या सहकाऱ्यांबरोबरच्या भेटी चांगल्या, पण तिथे तुम्ही ‘अमक्यांच्या सोबत आलेल्या’ असता. तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारणारी चार माणसं हवीत.

वरवरच्या ओळखींनाही कमी लेखू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती बातमी जवळच्या मित्रांकडून मिळाली नव्हती. ती आली होती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसांकडून. जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. तुमचं काम स्वतंत्र आहे, ग्राहक ओळखीतून मिळतात. तेव्हा जिन्यात भेटणाऱ्या माणसालाही सांगा, की तुम्ही संपादन करता.

आता पैसे. तुमची मिळकत स्थलांतराच्या काळात काही महिने घटेल, हे धरून चाला. घर लावायचं, कागदपत्रं करायची, दुरुस्तीवाल्यांची वाट बघायची, हे सगळं घरी असणाऱ्यावर येतं. ‘तू घरीच आहेस ना’ हे वाक्य पहिल्या आठवड्यात सोयीचं असतं, सहाव्या महिन्यात तो नेम झालेला असतो. त्यामुळे सामान उघडण्याचे तास दोघांत वाटून घ्या, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. खर्च निम्मा-निम्मा न करता मिळकतीच्या प्रमाणात करा. आणि तुमच्या खात्यात तीन महिने पुरतील इतके पैसे निघण्याआधी असू द्या, जे खर्च करताना कुणाला विचारावं लागणार नाही. भाडेकरारावर दोघांची नावं घालता येत असतील तर घाला. नियम जागोजागी वेगळे असतात, पण विचारायला काही लागत नाही.

हे लिहिताना एक गंभीर गोष्ट सांगून ठेवते, तुमच्या पत्रात तशी काही खूण नाही तरीही, कारण दुसरं कुणी हे वाचत असेल. जोडीदार तुमच्या जुन्या माणसांशी बोलणं कमी करायला सांगत असेल, पैसे आणि कागदपत्रं आपल्याच ताब्यात ठेवत असेल, नव्या ठिकाणी तुम्ही बाहेर पडलेलं त्याला चालत नसेल, तर तो वस्ती निवडण्याचा प्रश्न उरत नाही. अशा वेळी जाण्याआधी विश्वासातल्या एका माणसाला सगळं सांगा. परतीच्या प्रवासाचे पैसे आणि स्वतःची मूळ कागदपत्रं स्वतःजवळ ठेवा.

तुमच्याकडे परत येते. निघण्याआधी एक तारीख ठरवा, पोचल्यापासून साधारण सहा महिन्यांनी येणारी. त्या दिवशी दोघांनी बसून बोलायचं: वस्ती बदलायची का, शहर चालतंय का, कुणाचं काय चुकतंय. तोवर ‘आपण इथे यायलाच नको होतं’ हे वाक्य भांडणात वापरायचं नाही, आणि त्या दिवशी ते शांतपणे बोलायची पूर्ण मुभा. तारीख असली की मधले वाईट आठवडे सोसता येतात, कारण ते कायमचे वाटत नाहीत. म्हणूनच जमलं तर पहिला करार लहान मुदतीचा करा, थोडं भाडं जास्त गेलं तरी. अनोळखी वस्तीत तीन वर्षांसाठी अडकण्यापेक्षा ते परवडतं.

राहिलं टेबल. न्या. नव्या घरात पहिल्या रात्री झोपायची गादी आणि तुमचं टेबल, या दोन गोष्टी आधी लागू द्या. बाकीची खोकी महिनाभर भिंतीला टेकून राहिली तरी चालतात. आम्ही घर बदललं तेव्हा मी माझं लिहायचं टेबल ‘जुनं झालंय, तिकडे बघू’ म्हणून देऊन टाकलं होतं, आणि पुढचे सात महिने मी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर काम केलं. दर जेवणाला माझं काम उचलून ठेवावं लागायचं, आणि ते उचलताना मला दरवेळी वाटायचं, या घरात मी पाहुणी आहे. तेव्हा मोजमापाची टेप सोबत घेऊन जा. तीन घरं बघाल तेव्हा प्रत्येक ठिकाणी दाराची रुंदी, जिन्याचं वळण आणि खिडकीखालची भिंत मोजा. टेबलाचे पाय निघतात का ते आजच उलटं करून बघा. खिळे असतील तर सुताराला बोलावून त्यांच्या जागी स्क्रू लावून घ्या, त्याला सहा आठवडे पुरेसे आहेत.